जकात नाक्यावरचे करमुक्त बेट

गुजरातच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राला मिळणाऱ्या करसवलतींवर मराठीत वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कोणीतरी कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांचे नाव काढतो. एक बाजू म्हणते, चिमूटभर बेटे, ना शेती ना कारखाने, पण कर शून्य ठेवला आणि दरडोई उत्पन्नात जगातल्या अव्वल देशांच्या रांगेत जाऊन बसली. मुंबईलाही तेच द्या. दुसरी बाजू म्हणते, तो जगभरच्या करचुकव्यांचा अड्डा आहे, त्याचे नावही घेऊ नका. मला हा वाद दोन्हीकडून चुकलेला वाटतो, कारण दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासता धरून चालतात: केमनमध्ये कर नाही. केमनमध्ये कर आहे. तो बंदरावर कंटेनर उतरताना घेतला जातो, आणि हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईला व अब्जावधींचा गुंतवणूक फंड चालवणाऱ्या माणसाला एकाच दराने लागतो. तिथली सेवांवर उभी असलेली अर्थव्यवस्था टिकली आहे ती कायद्याच्या भरवशावर. म्हणून त्या बेटांनी आपल्या रहिवाशांच्या मोठ्या उत्पन्नावर माफक थेट कर लावावा, आणि तो लावल्याने ती अर्थव्यवस्था कोसळणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही बेटे कुठून कुठे आली ते पाहू. क्युबाच्या दक्षिणेला आणि जमैकाच्या वायव्येला ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन ही तीन बेटे आहेत. तिन्ही मिळून क्षेत्रफळ साधारण २६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ७१ हजारांच्या आसपास होती. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी इथे कासवे पकडणे, ताडाच्या पानांचे दोर वळणे आणि परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जाणे एवढेच उद्योग होते. घरातला कर्ता पुरुष वर्षानुवर्षे समुद्रावर आणि गावात बायका-मुले त्याच्या पैशाची वाट पाहत, हे चित्र मनिऑर्डरवर जगलेल्या कोकणाला वेगळे समजावून सांगायला नको. डासांचे थवे असे असत की नाकातोंडात डास जाऊन गुरे गुदमरून मरत. १९६५ मध्ये डॉ. मार्को जिग्लिओली यांच्या नेतृत्वाखाली डास संशोधन व नियंत्रण केंद्र सुरू झाले. केमनच्या संपत्तीची गोष्ट सांगताना सगळे बँकांपासून सुरुवात करतात. मला ती या केंद्रापासून करावीशी वाटते, कारण संध्याकाळी दाराबाहेर उभे राहता येत नाही अशा गावात ना पर्यटक येतो ना वकील. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक काम झाले आणि मग खासगी पैसा आला.

१९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला. तोवर प्रशासकीयदृष्ट्या जमैकाला जोडलेल्या केमनने मात्र ब्रिटिश राजसत्तेखाली राहणे पसंत केले. १९६६ मध्ये बँका आणि विश्वस्त कंपन्यांचा कायदा आला, पुढच्या वर्षी ट्रस्टचा. त्याच सुमारास शेजारच्या बहामाजमध्ये स्वातंत्र्याचे वारे वाहत होते आणि नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण कडक होत होते. १९७३ मध्ये बहामाज स्वतंत्र झाला, आणि तिथले कितीतरी बँकर राजधानी नसाऊ सोडून केमनला आले. या स्थलांतराकडे नीट पाहा. कर तर बहामाजमध्येही नव्हता! मग माणसे का हलली? उद्या कायदा काय असेल याची त्यांना खात्री उरली नव्हती, म्हणून. केमनकडे लंडनचा गव्हर्नर होता, इंग्रजी कॉमन लॉ, म्हणजे आधीच्या निकालांवर उभा असलेला कायदा, होता आणि शेवटचे अपील लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जात होते. आजही जाते.

बेटांवर एक दंतकथा आवडीने सांगितली जाते. ८ फेब्रुवारी १७९४ च्या पहाटे ग्रँड केमनच्या ईस्ट एंडच्या प्रवाळांवर दहा ब्रिटिश जहाजे आदळली, बेटावरच्या लोकांनी खलाशांना वाचवले, आणि खूश होऊन राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना कायमची करमाफी दिली. जहाजे फुटली आणि माणसे वाचवली गेली हे खरे आहे. राजाच्या वरदानाचा मात्र एकही कागद इतिहासकारांना सापडलेला नाही. तरीही ही कथा टिकून आहे आणि तिने एक काम केले आहे: सरकारने पैसा कोठून उभा करावा हा साधा, दर पिढीने नव्याने विचारायचा प्रश्न तिने अस्मितेचा करून टाकला.

नुसत्या शून्य कराने श्रीमंती येत असती तर नाउरू आज सिंगापूर झाला असता. प्रशांत महासागरातल्या त्या सार्वभौम देशाने १९९० च्या दशकात शेकडो कागदी बँकांना परवाने दिले, काळ्या पैशाचा पूल म्हणून नाव कमावले आणि शेवटी कंगाल झाला. कॅरिबियनमधल्याच माँटसेरातमध्ये १९८० च्या दशकात परवान्यांची अशीच खैरात झाली आणि घोटाळा उघडकीला आल्यावर ब्रिटनला शेकडो बँक परवाने रद्द करावे लागले. दोन्हीकडे शून्य होतेच. नव्हता तो न्यायाधीशावरचा विश्वास.

केमन नेमके काय विकते? समजा, कॅनडाचा एक पेन्शन फंड, जपानची एक विमा कंपनी आणि अमेरिकेतले एक विद्यापीठ यांना एकत्र पैसा घालून आशियातले शेअर घ्यायचे आहेत. तिघांचे कायदे वेगळे, करांचे हिशेब वेगळे. त्यांना एक तटस्थ जागा लागते, जिथे भांडण झाले तर निकाल कसा लागेल हे आधीच माहीत असते आणि जिथे मधल्या मध्ये तिसरा कर लागत नाही. केमनमध्ये आज असे सुमारे ३० हजार फंड नोंदलेले आहेत, कंपन्या एक लाखाहून अधिक. भारतापुरते बोलायचे तर मॉरिशसला अनेक वर्षे करारामुळे भांडवली नफ्यावर जी सूट मिळत होती तशी केमनला कधीच नव्हती. केमनशी आपला २०११ चा करार फक्त करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचा आहे. ‘करासाठीच सगळे केमनला जातात’ हे सरसकट विधान इथेच डळमळते.

पण विरोधकांचे म्हणणे पोकळ नाही, आणि आपण मुंबईकरांनी तरी ते झटकू नये. २००७ मध्ये व्होडाफोनने हचिसन-एस्सार या मोबाइल कंपनीचा ताबा घेतला तो कसा? सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या केमन कंपनीचा एक शेअर एका परदेशी हातातून दुसऱ्या परदेशी हातात गेला, किंमत सुमारे ११ अब्ज डॉलर. टॉवर इथले, ग्राहक इथले, आणि व्यवहार झाला कॅरिबियनमधल्या कागदावर. आयकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलली, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, मग जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी पूर्वलक्षी दुरुस्ती आयकर कायद्यात आली आणि २०२१ मध्ये तीही मागे घेतली गेली. त्या खटल्यात कोण बरोबर होते यावर कायदेपंडित अजून वाद घालतील. पण एका शेअरच्या आडून एवढी मालमत्ता हलू शकते ही व्यवस्था सामान्य करदात्याला अन्यायाची वाटली, तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. १९७६ मध्ये केमनने बँकेची गुप्तता मोडणे हा गुन्हा ठरवला होता. १९९१ मध्ये बुडालेल्या बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनलचे (बीसीसीआय) धागे इथवर येत होते आणि एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या शेकडो उपकंपन्या इथे नोंदलेल्या होत्या. दाभोळमुळे ते नाव आपल्या चांगलेच परिचयाचे आहे.

हे सगळे मान्य करूनही ‘बेट बंद करा’ हा निष्कर्ष मला पटत नाही. गुप्ततेचा जुना कायदा २०१६ मध्ये गेला. २०१७ पासून खात्यांची माहिती इतर देशांच्या करखात्यांना आपोआप पाठवली जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जादा देखरेखीच्या ‘करड्या’ यादीत टाकल्यावर कायदे बदलून आणि तपास वाढवून ऑक्टोबर २०२३ मध्ये बेटे तिच्यातून बाहेर पडली. पोकळ कंपन्यांचा धंदा अमेरिकेच्या डेलावेअरमध्ये आणि लक्झेंबर्गमध्येही चालतो, आणि केमन बंद झाले तर तो तिकडे सरकेल. तिथल्या खलाशांच्या नातवंडांनी मग काय करायचे? पुन्हा कासवे धरायची? त्यांनी कागदपत्रे तपासण्याचे, हिशेब तपासण्याचे, न्यायालय चालवण्याचे कौशल्य दोन पिढ्या मेहनत करून कमावले आहे. कोविडमध्ये बेटांनी सीमा बंद केल्या, क्रूझ जहाजे दोन वर्षे आली नाहीत आणि पर्यटनातल्या कामगारांना सरकारी भत्त्यावर दिवस काढावे लागले. तो भत्ता देता आला कारण दुसरा पाय, वित्तसेवांचा, चालता राहिला.

आता मूळ मुद्दा. या अर्थव्यवस्थेचा खर्च कोण उचलतो? आयकर नाही, कंपनीकर नाही, भांडवली नफ्यावर कर नाही, वार्षिक मालमत्ता करही नाही. सरकार चालते ते आयात शुल्क, कंपन्या व फंडांची नोंदणी फी, जमीन विक्रीवरचे मुद्रांक शुल्क, हॉटेलच्या खोलीवरचा कर आणि परदेशी कामगारांच्या वर्क परमिटची फी यांवर. आयात शुल्काचा सर्वसाधारण दर २२ टक्के आहे. काही मूलभूत अन्नपदार्थांना सूट आहे, पण ज्या बेटावर जवळजवळ सगळेच जहाजातून येते तिथे २२ टक्के म्हणजे जगण्यावरचाच कर. मुंबईकरांना हे ओळखीचे आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत होत्या आणि जकात हा मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वात मोठा स्रोत होता. मुंबईला तेव्हा कोणी करमुक्त शहर म्हटले नाही. मग केमनला का म्हणायचे?

२०१६ मध्ये तिथे किमान वेतन ठरले, तासाला ६ केमन डॉलर. एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी डॉलर. त्यानंतर कितीतरी वर्षे तो दर हलला नाही. या पगाराचा माणूस मिळालेला पैसा महिनाअखेर खर्चून टाकतो, कारण बाजूला काढण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे त्याच्या मिळकतीचा मोठा भाग शुल्क भरलेल्या मालावर जातो. फंड चालवणारा मिळकतीतला लहानसा भाग बेटावर खर्च करतो आणि बाकीचा गुंतवतो; त्या भागावर एक सेंटही लागत नाही. दर दोघांना एकच असला तरी भार एकसारखा होत नाही, हे आपल्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकवले आहे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शिलकीबद्दल सरकारचे अभिनंदन करायला नकार दिला. लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक दिसते ती कर गरजेपेक्षा जास्त ठेवल्यामुळे, समृद्धीमुळे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आणि मिठावरचा कर कमी करा ही मागणी. तेव्हा तो मणामागे अडीच रुपये होता, १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. केमन आणि १९०२ चा हिंदुस्थान यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, उपासमार तिथे नाही. पण तिजोरीची शिल्लक दाखवून कराच्या वाटपाचा प्रश्न टाळणे, ही सवय तीच आहे.

यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप असा: हे आधी करून पाहिले आणि ते अंगाशी आले. जुलै २०१२ मध्ये केमनचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, मॅकीव्हा बुश यांनी वर्षाला २० हजार केमन डॉलरपेक्षा अधिक मिळवणाऱ्या परदेशी कामगारांवर १० टक्के आकारणी सुचवली. गहजब झाला आणि काही आठवड्यांत प्रस्ताव मागे गेला. पैशाला पाय असतात, तो एका रात्रीत उठून जाईल, असे तेव्हा सगळे म्हणाले. पण त्या प्रस्तावाची रचना आठवा. ती आकारणी पासपोर्ट पाहून होती, उत्पन्न पाहून नव्हती. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या केमनी माणसाला शून्य आणि परदेशीला १० टक्के. शिवाय ती अर्थसंकल्पाला लंडनची मंजुरी मिळवण्याच्या घाईत आणलेली होती. भेदभाव करणारा कर लोकांनी झुगारला, यावरून न्याय्य करही झुगारला जाईल असे कसे सिद्ध होते?

आणि पैसा खरेच उठून जातो का, याचे उत्तर असेच इतर छोटे प्रदेश कधीच देऊन बसले आहेत. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचा दर्जा थोडा वेगळा आहे, तो राजमुकुटाच्या अखत्यारीतला प्रदेश आहे, पण धंदा तोच. तिथे रहिवाशांवर १९४० पासून २० टक्के आयकर आहे, आणि बँका व ट्रस्ट तिथे दाटीवाटीने नांदतात. बर्म्युडामध्ये पगारावरचा कर जुनाच आहे. जानेवारी २०२५ पासून त्यांनी अतिविशाल बहुराष्ट्रीय गटांवर १५ टक्के कंपनीकरही लावला, आणि पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्यांच्या विम्याच्या, जगातले त्यांचे स्थान कायम आहे. जिब्राल्टरमध्ये आयकरही आहे आणि १५ टक्के कंपनीकरही. फंडावर कर न लावणे आणि फंड चालवणाऱ्याच्या पगारावर कर न लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर तिथला धंदा अवलंबून आहे. दुसरी ही बेटावर राहणाऱ्या श्रीमंतांना दिलेली भेट आहे. केमनच्या चर्चेत या दोन्हींची मोट बांधली जाते आणि मग कोणालाच हात लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे. वर्क परमिटची फी पदानुसार बदलते, बड्या वकिलासाठी ती हजारो डॉलर असते, घरकामगारासाठी कितीतरी कमी. म्हणजे चढत्या दराचा कर आधीच आहे, असे काही जण म्हणतात. यात तथ्य आहे. पण ही फी ज्याला कधीच शिवत नाही असा एक मोठा वर्ग आहे: जमीनदार. कामगारांत परदेशी लोक निम्म्याहून कितीतरी अधिक आहेत, त्या सगळ्यांना राहायला घर लागते, आणि त्यांच्या भाड्यावर जगणाऱ्याला ना उत्पन्नावर कर ना मालमत्तेवर. घरांच्या किमती चढत गेल्या आणि शिकून परतलेल्या स्थानिक तरुणाला आपल्याच बेटावर घर घेता येईना. याहून वाईट गोष्ट अशी की परमिटची फी सरकारच्या तोंडाला लागली आहे. प्रत्येक नवा परमिट म्हणजे उत्पन्न, म्हणून लोकसंख्येला आवर घालायची वेळ आली की तिजोरीच आड येते. स्थानिकांना प्राधान्य देऊ असे प्रत्येक निवडणुकीत सांगायचे आणि अर्थसंकल्प मात्र आणखी परदेशी कामगार येतील या गृहीतावर बांधायचा! खारफुटी कापून इमारती उठतात त्याच्या मागे हा हिशेबही आहे.

आणि स्वशासनाचे काय? सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रँड केमन झोडपले तेव्हा नुकसान बेटांच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा अधिक होते. २००८ च्या जागतिक मंदीत फी आणि शुल्क दोन्ही आटले, तूट पडली, आणि २००९ मध्ये कर्ज काढायला लंडनची परवानगी मागावी लागली. लंडनने सांगितले, आधी थेट करांचा विचार करा. त्याच वर्षी टर्क्स आणि केकोस या दुसऱ्या ब्रिटिश बेटांमध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर ब्रिटनने निवडून आलेले सरकार बाजूला सारून कारभार हातात घेतला आणि तो २०१२ पर्यंत सोडला नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांसाठी चौकशी आयोगाने तशीच शिफारस केली. केमनमध्ये तसे काही घडलेले नाही, तिथला कारभार तुलनेने स्वच्छ आहे. पण ज्या सरकारकडे वाईट वर्षासाठी भरवशाचे उत्पन्न नाही त्याची स्वायत्तता गव्हर्नरच्या एका पत्रावर लटकत राहते. कर लावायचाच असेल तर तो आपल्या संसदेत वाद घालून आपण ठरवावा. लंडनच्या सूचनेवरून घाईघाईत आणलेल्या कराची काय गत झाली ते २०१२ मध्ये दिसले.

मुंबईच्या वादालाही यातून थोडा प्रकाश मिळेल. २००७ मध्ये पर्सी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र करण्याचा आराखडा दिला. त्यात भर होता तो खुल्या बाजारपेठेवर, सक्षम नियमनावर आणि शहराच्या कारभारावर. २०२० मध्ये अशा वित्तीय केंद्रांचे नियमन करणाऱ्या प्राधिकरणाचे मुख्यालय गांधीनगरला ठरले तेव्हा आपण सगळी ताकद ‘पळवले’ या शब्दावर खर्च केली. गिफ्ट सिटीतल्या उद्योगांना कितीतरी वर्षांची करमाफी आहे, तीही इथे मागितली जाते. पण आपल्या न्यायालयात एक व्यापारी दावा किती वर्षे चालतो, हे त्या चर्चेत कोणी विचारत नाही.

केमनसाठी माझी सूचना अशी आहे. वर्षाला एक लाख केमन डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के कर, पासपोर्ट न पाहता. भाड्याच्या उत्पन्नावरही त्याच मर्यादेपासून तेवढाच. फंडांना आणि नोंदणीपुरत्या कंपन्यांना यातले काही लागू नाही. जो पैसा येईल त्याचा निम्मा वादळासाठीच्या राखीव निधीत, आणि उरलेल्याइतकी कपात आयात शुल्कात, सुरुवात मुलांचे कपडे, वह्या-पुस्तके आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून. आपल्या पगारावर ५ टक्के लागले म्हणून साठ वर्षांची न्यायव्यवस्था सोडून कोणता वकील नाउरूला जाणार आहे?